सीएफए लेव्हल वन दुसऱ्यांदा देताना: लेक्चर कमी, प्रश्न जास्त

वाचकाचं पत्र

"मी २४ वर्षांची आहे. बीकॉम केलं, कळव्याला राहते आणि ऐरोलीतल्या एका कंपनीत फंड अकाउंटिंगला (गुंतवणूक फंडांचे हिशोब) आहे. शिफ्ट दुपारी १ ते रात्री १०, शनिवार-रविवार सुट्टी. फेब्रुवारीत सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय परीक्षा) लेव्हल वन दिली आणि नापास झाले. क्लासची सगळी रेकॉर्डेड लेक्चरं पाहिली, अवघड वाटली ती दोनदा. नोट्सच्या तीन वह्या भरल्या. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, एक सोडवली, ५८ टक्के आले. आठवड्याने तीच पुन्हा सोडवली तेव्हा ७४ आले, म्हणून धीर होता. एथिक्स (व्यावसायिक आचारसंहिता) शेवटच्या आठवड्यात वाचलं. रिपोर्टमध्ये एथिक्स, फायनान्शिअल स्टेटमेंट आणि फिक्स्ड इन्कम (बाँड वगैरे) हे तीन विषय सगळ्यात खाली आहेत. आता ऑगस्टला बसायचं ठरवलंय. दुसरा क्लास लावू का? त्याची फी ४० हजार आहे. डेरिव्हेटिव्ह (फॉरवर्ड, फ्युचर वगैरे) आणि अल्टरनेटिव्ह (हेज फंड, खासगी गुंतवणूक वगैरे) ऑप्शनला टाकले तर चालेल का? नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यास करू का? बाबा म्हणतात, हे सोड आणि बँकेच्या परीक्षा दे."

उत्तर

क्लास लावू नका. तुम्हाला शिकवणारं कोणी कमी पडलेलं नाही, प्रश्न सोडवणं कमी पडलंय. लेक्चर बघताना सगळं समजतं, कारण समोरचा माणूस पायरी-पायरीने सोडवून दाखवत असतो. परीक्षेत पहिली पायरी कुठली हे तुम्हालाच आठवावं लागतं, आणि त्यासाठी सरासरी ९० सेकंद मिळतात: १३५ मिनिटांची दोन सत्रं, प्रत्येकात ९० प्रश्न. हे आठवणं फक्त प्रश्न सोडवून येतं.

७४ टक्क्यांचा आकडा मनातून काढून टाका. त्याच मॉकवर आठवड्याने वाढलेले १६ टक्के म्हणजे उत्तरं लक्षात राहिली. तुमची खरी पातळी ५८ होती. उत्तीर्ण व्हायला किती टक्के लागतात हे सीएफए इन्स्टिट्यूट आधी जाहीर करत नाही, पण न पाहिलेल्या मॉकमध्ये सातत्याने ७० च्या वर गेल्याशिवाय निर्धास्त होऊ नये, असं आमचं मत आहे.

आता वेळेचा हिशोब. पहिल्या प्रयत्नासाठी साधारण ३०० तास सांगितले जातात. तुमचं वाचन एकदा झालेलं आहे, त्यामुळे २०० तास नीट वापरले तर पुरतात. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या परीक्षेपर्यंत १७ आठवडे धरा. आठवड्यातल्या चार सकाळी दीड-दीड तास, शनिवारी चार तास, रविवारी तीन तास, असे १३ तास होतात. त्यातला एक आठवडा आत्ताच वजा करा: ३० जूनला तिमाही संपते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात फंड अकाउंटिंगमध्ये काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. त्या आठवड्यात अभ्यास लिहून ठेवायचा आणि मग झाला नाही म्हणून रडत बसायचं, त्यापेक्षा तो कागदावरच रिकामा सोडा. उरलेल्या १६ आठवड्यांचे २०८ तास होतात. रात्री दहानंतर कंपनीच्या गाडीतून घरी येऊन अभ्यास करायचा बेत आखू नका. तो पहिल्या आठवड्यात जमतो आणि तिसऱ्यात सकाळचाही बुडवतो. घरात सकाळी शांतता नसेल तर ऐरोलीला लवकर उतरा. सेक्टर १५ मधल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे. वेळा आधी विचारून घ्या आणि शिफ्टच्या आधीचे दोन तास तिथे काढा.

दीड तासाची सकाळ अशी वापरा. ३० प्रश्न, घड्याळ लावून, ४५ मिनिटांत. सोडवताना पुस्तक बंद. उरलेली ४५ मिनिटं फक्त तपासणीला. बहुतेक जण इथे घाई करतात: चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर वाचतात, "हां, येत होतं" म्हणतात आणि पुढे जातात. तसं करू नका. एक वही करा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: संकल्पना माहीत नव्हती, सूत्र आठवलं नाही, कॅल्क्युलेटर चुकला, की प्रश्नच नीट वाचला नाही. उत्तर उतरवून काढायचं नाही. पुढच्या वेळी काय बघायचं, एवढी एकच ओळ लिहायची. अंदाजाने बरोबर आलेला प्रश्नही चुकीत धरा. दोन आठवड्यांनी वही चाळली की तुमचे गुण कुठे गळतात ते दिसतं. बऱ्याच जणांच्या बाबतीत निम्म्याहून जास्त चुका शेवटच्या दोन कारणांच्या निघतात, आणि त्यांना कुठलाच क्लास उपयोगी पडत नाही.

या वेगाने मॉकच्या आधीच्या ११ आठवड्यांत नुसत्या सकाळीच तेराशेच्या वर प्रश्न होतात. नोंदणीसोबत इन्स्टिट्यूटची स्वतःची प्रश्नपेढी आणि मॉक मिळतात. आधी ते पूर्ण संपवा. त्या प्रश्नांची भाषा परीक्षेच्या भाषेच्या सगळ्यात जवळ असते.

तुमचे तीन विषय

एथिक्सचं वजन १५ ते २० टक्के आहे, म्हणजे १८० पैकी २७ ते ३६ प्रश्न. एवढा मोठा विषय शेवटच्या आठवड्यात वाचून रिपोर्टमधली पट्टी खाली जाणारच. शिवाय काठावरच्या उमेदवारांचा निकाल ठरवताना इन्स्टिट्यूट एथिक्समधली कामगिरी विचारात घेते, त्यामुळे इथला एकेक गुण दोनदा कामाला येऊ शकतो.

एथिक्समध्ये हुशार मुलंही एका ठराविक पद्धतीने चुकतात: तीन पर्यायांतला सगळ्यात कडक, सगळ्यात प्रामाणिक वाटणारा पर्याय निवडतात. एक प्रसंग घ्या. एक विश्लेषक कंपनीच्या जाहीर आकड्यांचा अभ्यास करतो, वितरकांशी बोलतो, कारखान्याच्या फाटकावर दिवसभर किती ट्रक बाहेर पडतात ते मोजतो. यातला कुठलाही एक तुकडा एकट्याने शेअरचा भाव हलवणारा नाही. सगळं जुळवून तो "विका" असा अहवाल काढतो. नियमभंग झाला का? नाही. जाहीर माहिती आणि महत्त्वाची नसलेली अजाहीर माहिती जोडून निष्कर्ष काढायला पूर्ण मुभा आहे, याला मोझेक थिअरी म्हणतात. आता प्रसंगात एकच गोष्ट बदला: कंपनीचा लेखापाल त्याला न जाहीर झालेला तिमाही नफा सांगतो. आता ती माहिती भाव हलवणारी आहे आणि बाहेर आलेली नाही. तिच्यावर व्यवहार करणं किंवा करायला लावणं, दोन्ही बंद. दोन्ही प्रसंग परीक्षेत जवळजवळ सारख्याच शब्दांत येऊ शकतात, म्हणून कुठला शब्द बदलला की उत्तर बदलतं हे शोधायची सवय लावा.

तसंच भेटवस्तूंचं. झालेल्या चांगल्या कामाबद्दल ग्राहकाने भेट दिली तर मालकाला कळवायचं. पण पुढच्या वर्षी अमुक परतावा दिलास तर अमुक देईन, असं ठरत असेल तर स्वीकारण्याआधी मालकाची लेखी संमती लागते. कायदा आणि इन्स्टिट्यूटचे नियम वेगळे असतील तर जे जास्त कडक ते पाळायचं. या आचारसंहितेचे सात स्टँडर्ड आहेत. प्रत्येकाचे उपविभाग नावांसह तोंडपाठ हवेत, पण ते यादी घोकून करू नका. एका बैठकीत दहा प्रसंग सोडवा आणि प्रत्येक प्रसंगाला उपविभागाचं नाव द्या. दुसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी एक तास एथिक्स, आणि शेवटचे दोन आठवडे रोज.

यातला एक नियम तुम्हाला आजच लागू आहे. पुन्हा नोंदणी होईपर्यंत तुम्ही "कँडिडेट" नाही, त्यामुळे लिंक्डइनवर तसं लिहिलं असेल तर काढून टाका. फेब्रुवारीच्या पेपरात काय काय आलं होतं हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगणं हाही नियमभंगच आहे. ग्रुपवर कोणी विचारलं तरी सांगू नका.

फायनान्शिअल स्टेटमेंटमध्ये बीकॉमवाल्यांची अडचण वेगळीच असते. विषय ओळखीचा वाटतो, म्हणून वरवर वाचला जातो, आणि उत्तर आपल्याकडच्या नियमाने दिलं जातं. कॅश फ्लो घ्या. आपल्या इंड एएस ७ (कॅश फ्लोचं भारतीय लेखामानक) मध्ये वित्तसंस्था सोडून बाकी कंपन्यांनी दिलेलं व्याज फायनान्सिंगमध्ये आणि मिळालेलं व्याज व लाभांश इन्व्हेस्टिंगमध्ये दाखवायचं असतं. परीक्षेत मात्र आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय लेखानियम) आणि यूएस गॅप (अमेरिकी लेखानियम) यांच्यातला फरक विचारतात. अभ्यासक्रमाप्रमाणे आयएफआरएसमध्ये दिलेलं व्याज ऑपरेटिंग किंवा फायनान्सिंग, दोन्हीकडे चालतं. यूएस गॅपमध्ये ते ऑपरेटिंगमध्येच. मिळालेला लाभांश आयएफआरएसमध्ये ऑपरेटिंग किंवा इन्व्हेस्टिंग, यूएस गॅपमध्ये ऑपरेटिंग. दिलेला लाभांश यूएस गॅपमध्ये फायनान्सिंग, आयएफआरएसमध्ये ऑपरेटिंगही चालतो. माल साठ्याचं तसंच: लिफो (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणं; फिफो याच्या उलट) आयएफआरएसमध्ये बंद आहे, यूएस गॅपमध्ये चालतं. साठ्याची किंमत एकदा खाली आणली आणि नंतर बाजारभाव वाढला, तर आयएफआरएसमध्ये मूळ खर्चापर्यंत परत वाढवता येते, यूएस गॅपमध्ये नाही. या फरकांचा एकच तक्ता स्वतःच्या हाताने करा आणि त्यात तिसरा रकाना आपल्या नियमांचा ठेवा. गोंधळ कुठून येतो ते त्या रकान्यात डोळ्यांना दिसेल.

तक्त्यानंतर परिणामांकडे वळा. "भाव वाढत असताना फिफोऐवजी लिफो वापरलं तर" अशा प्रश्नात नफा, कर, साठा, करंट रेशो, ऑपरेटिंग कॅश फ्लो हे सगळं एका दमात सांगता आलं पाहिजे: विक्रीचा खर्च वाढतो, नफा घटतो, कर घटतो, कर कमी भरल्यामुळे कॅश फ्लो वाढतो, ताळेबंदातला साठा कमी दिसतो. ही साखळी मोठ्याने बोलून बघा. जिथे अडखळाल तिथे अभ्यास बाकी आहे.

फिक्स्ड इन्कममध्ये तुमचे गुण कॅल्क्युलेटरवरही गेले असण्याची दाट शक्यता आहे. परीक्षेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपी १२सी, याच दोन घराण्यांतली यंत्रं चालतात. तुमच्याकडे बीए टू प्लस असेल असं धरून हे उदाहरण करून बघा.

दर वर्षाच्या सुरुवातीला १०,००० रुपये, पाच वर्षं, व्याजदर ८ टक्के. आजची किंमत किती? पैसे सुरुवातीला येतात म्हणून यंत्र "बिगिन"वर न्यावं लागतं: सेकंड, पीएमटी, सेकंड, एंटर ही बटणं दाबा. पडद्यावर बारीक अक्षरांत "बीजीएन" दिसतं. उत्तर ४३,१२१.२७. बरोबर आलं, तुम्ही खूश, पुढचा प्रश्न. बाँड, दर्शनी किंमत १,०००, कूपन ८ टक्के वार्षिक, पाच वर्षं, बाजारातला परतावा १० टक्के. खरं उत्तर ९२४.१८. पण यंत्र "बिगिन"वरच राहिलं असेल तर ९५४.५१ येतं. पेपर काढणाऱ्यांना ही चूक माहीत असते, त्यामुळे ९५४.५१ पर्यायांत असूही शकतं. तुम्ही शांतपणे ते निवडता आणि चुकल्याचं कळतही नाही. म्हणून "बिगिन" वापरलं की त्याच प्रश्नात परत "एंड"वर आणायचं, उत्तर टिक करण्याआधी. प्रत्येक नव्या गणिताआधी सेकंड आणि एफव्ही दाबून जुने आकडे पुसा. पीव्हाय (वर्षातले हप्ते) १ वर आहे का ते बघा. दशांश चारवर ठेवा: सेकंड, दशांशबिंदू, ४, एंटर. "एरर ५" आलं तर बहुतेक वेळा चिन्हं चुकलेली असतात: बाँड विकत घेताना पैसे खिशातून जातात, म्हणून पीव्ही (आजची किंमत) उणे.

कॅल्क्युलेटरचा सेल परीक्षेच्या आदल्या दिवशी बदलू नका. सेल काढला की सगळी सेटिंग पुसली जाते आणि दशांश परत दोनवर येतो. तीन आठवडे आधी बदला आणि त्याच यंत्रावर मॉक द्या.

ड्युरेशनच्या (परतावा बदलला की बाँडची किंमत किती हलते, त्या मापाच्या) गणितात दुसरी हमखास चूक. सुधारित ड्युरेशन ६, कॉन्व्हेक्सिटी (त्या मापातली वक्रतेची दुरुस्ती) ५०, परतावा १ टक्क्याने वाढला. ड्युरेशनमुळे किंमत ६ टक्के उतरते, कॉन्व्हेक्सिटीमुळे ०.२५ टक्के वर येते, निव्वळ घट ५.७५ टक्के. कॉन्व्हेक्सिटीचा अर्धा भाग विसरलात तर ५.५ येतं. आणि कॉन्व्हेक्सिटी धन असेल तर तिचा परिणाम परतावा वाढो वा घटो, अधिकच असतो. एवढं लक्षात ठेवलं तर निदान एक पर्याय न मोजता कापता येतो.

ऑप्शनला टाकायचं का?

नाही. डेरिव्हेटिव्हचं वजन ५ ते ८ टक्के, अल्टरनेटिव्हचं ७ ते १०. दोन्ही मिळून २२ ते ३२ प्रश्न, आणि सगळ्या पेपरात तुलनेने सोपे. अल्टरनेटिव्ह तर तुमच्या रोजच्या कामातलं आहे: मॅनेजमेंट फी, हर्डल रेट (परफॉर्मन्स फी लागण्याआधीचा किमान परतावा), हाय वॉटर मार्क (फंडाचा आजवरचा उच्चांक). फक्त गणितात एक ओळ नीट वाचा: फी वर्षाच्या सुरुवातीच्या मालमत्तेवर आहे की अखेरच्या, आणि परफॉर्मन्स फी मॅनेजमेंट फी वजा करून काढायची की आधी. तुमच्या कंपनीत जशी काढतात तशीच प्रश्नात असेल असं गृहीत धरू नका. डेरिव्हेटिव्हमध्ये पुट-कॉल पॅरिटी (पुट आणि कॉल ऑप्शनच्या किमतींचं नातं) आणि फॉरवर्डची किंमत पक्की करा, बाकीचे प्रश्न बरेचसे संकल्पनेचे असतात. दोन्हीला मिळून दोन आठवडे पुष्कळ झाले. क्वांट (गणित-संख्याशास्त्र) आणि इकॉनॉमिक्सला रिपोर्टमध्ये धक्का नाही, तर त्यांची फक्त प्रश्नपेढी फिरवा, वाचन पुन्हा नको.

मॉक

शेवटच्या पाच आठवड्यांत चार मॉक, दर शनिवारी एक, आणि परीक्षेच्या आठवड्यात मॉक नाही. पूर्ण १८० प्रश्न, दोन्ही सत्रं, मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी, आणि तुमची परीक्षा ज्या वेळेला असेल त्याच वेळेला. अर्धी मॉक आज, अर्धी उद्या असं करू नका. दुसऱ्या सत्राच्या साठाव्या प्रश्नाला डोकं कसं चालतं हे कळण्यासाठीच तर ती द्यायची. रविवारचा पूर्ण वेळ तपासणीला. ४५ व्या प्रश्नाला साधारण ६७ मिनिटं झालेली असावीत, त्याहून मागे असाल तर लांब गणितं खूण करून पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि पर्याय तीनच असतात, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एक पर्याय कापता आला तर उरलेल्या दोनांत निवडायचं आहे.

नोकरी आणि बाबांचं म्हणणं

नोकरी सोडू नका. तुम्हाला आठवड्याला १३ तास हवेत, आणि ते तुमच्या शिफ्टमध्ये बसतात. चार्टरसाठी, म्हणजे सीएफएची अंतिम पात्रता मिळायला, परीक्षांशिवाय किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा संबंधित अनुभव लागतो. तो परीक्षा देता देता साठवता येतो. मात्र कामाचा निदान अर्धा भाग गुंतवणुकीच्या निर्णयाशी थेट जोडलेला असावा, किंवा त्या निर्णयाला माहिती पुरवणारा असावा, असा नियम आहे. त्यामुळे नुसतं "फंड अकाउंटिंग" या नावावर विसंबू नका. मूल्यांकन, परफॉर्मन्स रिपोर्टिंग यातलं काही काम मागून घेता येतंय का, ते टीम लीडशी बोला.

बाबांना चिंता वाटते ती तुमच्या स्थैर्याची, आणि ती रास्त आहे. पण आयबीपीएस पीओची (सरकारी बँकांतल्या अधिकारी पदाच्या परीक्षेची) तयारी म्हणजे रिझनिंग, इंग्रजी आणि वेगाने गणित. लेव्हल वनशी तिचा फारसा संबंध नाही आणि दोन्ही एकदम केल्या तर दोन्ही अर्ध्या होतील. पीओसाठी वयाची मर्यादा २० ते ३० आहे, तुम्ही २४ च्या. ऑगस्टचा निकाल लागल्यावर हा विचार करायला भरपूर वेळ शिल्लक आहे, हे त्यांना आकड्यांनिशी सांगा. निकालही काही आठवड्यांतच येतो. आणि सीएफएला बसण्याच्या मर्यादाही त्यांना सांगून ठेवा: एका लेव्हलला आयुष्यात सहा प्रयत्न, कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त दोन. याही वेळी जमलं नाही तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल, तेव्हा बँकेची वाट मोकळी असेलच.

या आठवड्यात करायचं

नोंदणी करा आणि लगेच परीक्षेची तारीख आणि केंद्र निवडा, कारण सोयीच्या जागा भरत जातात. ज्या ओळखपत्रावर नोंदणी कराल त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का आणि त्याची मुदत परीक्षेच्या दिवसापर्यंत आहे का, ते बघा. ऑगस्ट म्हणजे पावसाळा. केंद्र मुंबईत मिळालं आणि कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आलं तर कळव्याहून निघालेली लोकल कुठे थांबेल याचा भरवसा नाही. जमलं तर आदल्या रात्री केंद्राजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम करा, नाहीतर पहाटेच निघा. परीक्षेचा दिवस आणि आदला दिवस, अशा दोन रजा मॅनेजरकडून आत्ताच मेलवर मंजूर करून घ्या. जुलै अखेरचं क्लोजिंग सुरू झाल्यावर मागाल तर मिळणं कठीण.